वीजबिलाच्या मागे नदी असते

विजेचे दर वाढणार अशी बातमी आली की आपल्या मोहल्ल्यात दोन दिवस चर्चा रंगते. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायऱ्यांवर, व्हॉट्सअॅपच्या गटांवर. कोणी महावितरणला बोल लावतं, कोणी सरकारला, कोणी शेजाऱ्याने टाकलेल्या आकड्याला. तिसऱ्या दिवशी विषय संपतो आणि बिल मुकाट्याने भरलं जातं.

दर जिथे ठरतात तिथे जाऊन बोलता येतं, हे मात्र या चर्चेत कोणी सांगत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दराचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्याशिवाय आदेश काढता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जनसुनावणी घेतो, आणि मुंबई-पुणे-नागपूरप्रमाणे अमरावतीतही ती होत आलेली आहे. अकोल्याहून शंभरेक किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत. वकील लागत नाही, इंग्रजी लागत नाही. उद्योजकांच्या संघटना तिथे पोहोचतात, शेतकरी संघटना पोहोचतात. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, घरमालकाच्या सबमीटरवर त्याने लावलेला दर भरणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलायला तिथे कोण जातं?

हा अग्रलेख त्या रिकाम्या खुर्चीविषयी आहे. पण त्या खुर्चीवर बसून नुसतं 'दर कमी करा' म्हणून भागणार नाही, कारण बिलावरच्या आकड्यामागे कोळसा आहे, पाणी आहे आणि शेवटी एक नदी आहे.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. बाळापूर तालुक्यातल्या पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. जुने छोटे संच बंद झाले, आज तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळसा रेल्वेने येतो, राख इथेच राहते आणि पाणी इथलंच लागतं. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. त्याच खोऱ्यातली ही गोष्ट. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या कूलिंग टॉवरवाल्या केंद्रांना प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. ५०० मेगावॅटचं केंद्र ७० टक्के क्षमतेने चाललं आणि या मर्यादेइतकं पाणी वापरलं, तर दिवसाला सुमारे २ कोटी ९४ लाख लिटर पाणी लागेल. माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष धरला तर हे सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचं पाणी झालं. २०११ च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाख होती. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहूनही एक वीज केंद्र अर्ध्या अकोल्याचं पाणी पिऊ शकतं. ज्या शहराला काटेपूर्णेचं पाणी महानहून आणावं लागतं आणि उन्हाळ्यात नळाची वाट पाहत बसावं लागतं, त्या शहराने हा हिशेब तोंडपाठ ठेवायला हवा.

अमरावतीने तो ठेवला होता. नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पासाठी अप्पर वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं, तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयात गेलं. रोजचा हिशेब काढला तर हे २४ कोटी लिटर होतात. शेतीसाठी बांधलेल्या धरणाचं पाणी उद्योगाला देण्याचे असे निर्णय त्या काळात मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत होती. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला होता, तरी प्राधिकरण बाजूलाच राहिलं. आणि २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आधीच्या वाटपांवर शिक्कामोर्तब झालं. प्रकल्पाचा १३५० मेगावॅटचा पहिला टप्पा उभा राहिला. त्या आंदोलनाला हरलेलं म्हणायला मी तयार नाही. विजेचा प्रश्न हा पाण्याचा प्रश्न असतो हे विदर्भात पहिल्यांदा मोठ्या आवाजात त्यांनीच सांगितलं. आपला मोहल्ला तेव्हा त्या मोर्चांकडे 'शेतकऱ्यांचं आंदोलन' म्हणून पाहत राहिला, ही खंत मात्र आहे.

आता थोडं दूर जाऊ. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया नावाची मोठी नदी आहे. गेल्या शतकात तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर एकामागून एक धरणं बांधली गेली. तिथल्या स्वस्त विजेचा पाया तोच. त्या नदीत सॅमन मासा येतो. गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा जिथे जन्मला त्याच ओढ्याकडे परततो. वाटेत धरण आलं की कुळी खुंटते. १९९२ मध्ये आयडाहो राज्यातल्या रेडफिश तळ्यात, समुद्रापासून सुमारे साडेचौदाशे किलोमीटरचा प्रवास करून आणि आठ धरणं ओलांडून, सॉकआय जातीचा एकच सॅमन परतला. एकच. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'एकटा लॅरी'.

मला त्या माशापेक्षा तिथल्या कायद्याचं जास्त कौतुक आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या वीज कंपन्यांनी मागणी भरमसाट वाढणार असं भाकीत केलं आणि पाच अणुवीज केंद्रं बांधायला घेतली. मागणी तेवढी वाढलीच नाही. एकच केंद्र पूर्ण झालं, आणि १९८३ मध्ये कर्जरोख्यांचे सव्वादोन अब्ज डॉलर बुडाले. हे वाचताना आपल्याला दाभोळ आठवायला हवं. १९९३ चा करार, वीज महागच पडणार ही पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी आकडे मांडून दिलेली सूचना, १९९९ ला सुरू झालेला पहिला टप्पा आणि २००१ मध्ये बंद पडलेला प्रकल्प. मागणीचं भाकीत फुगवलं की फायदा बांधणाऱ्याचा आणि बिल ग्राहकाचं, हा नियम सिएटलला लागू आहे तसाच गुहागरलाही.

कर्ज बुडण्याच्या आधीच, डिसेंबर १९८० मध्ये, अमेरिकेने त्या प्रदेशासाठी वेगळा कायदा केला होता. वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो आणि मोंटाना या चार राज्यांची एक परिषद, प्रत्येक राज्याचे दोन सदस्य. तिने पुढच्या २० वर्षांचा वीज आराखडा करायचा, ठरावीक काळाने तो नवा करायचा आणि सगळं लोकांसमोर. त्यात दोन अटी होत्या. पहिली अशी की वाचवलेली वीज ही निर्माण केलेल्या विजेसारखीच साधनसंपत्ती मानायची, आणि नवं केंद्र बांधण्याआधी तिचा विचार करायचा. दुसरी अशी की धरणांनी माशांचं जे नुकसान केलं ते भरून काढण्याचा कार्यक्रमही याच परिषदेने आखायचा. वीज एका खात्यात, पाणी दुसऱ्यात आणि मासे तिसऱ्याच्या कपाटात, असं केलं नाही. त्या कायद्याचा पाठपुरावा करायला १९८१ मध्ये पर्यावरणवाले, ग्राहक संघटना आणि काही वीज संस्था यांची एक आघाडी उभी राहिली. ती अजून काम करते.

त्याने सगळं सुरळीत झालं असं समजू नका. वीज बचतीत त्यांनी मोठी मजल मारली. १९८० नंतर वाढलेल्या मागणीपैकी निम्म्याहून अधिक भाग बचतीनेच भागवला. मासा मात्र अजून सावरलेला नाही. स्नेक नदीवरची चार धरणं काढायची की नाही हा वाद दशकानुदशकं चालू आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये झालेला समझोता २०२५ च्या जूनमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी मोडीत काढला. शेजारच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं मात्र २०२४ पर्यंत खरोखर पाडली गेली, आणि काही आठवड्यांतच वरच्या पाण्यात सॅमन दिसला.

या सगळ्या लढ्यात पुढे कोण होतं? तिथले आदिवासी. संख्येने अगदी थोडे. १८५५ च्या तहांमध्ये त्यांनी जमिनी सोडल्या, पण परंपरेने जिथे मासेमारी करत आलो तिथे करत राहू हा हक्क लिहून घेतला. जुना कागद त्यांनी जपून ठेवला, १९७४ मध्ये न्यायालयाने मासळीच्या निम्म्या वाट्यावर त्यांचा हक्क मान्य केला. हक्क त्यांचा, पण त्यामुळे नदी सगळ्यांची वाचू लागली. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या तरुणांनी या गोष्टीवर जरा थांबावं. आपल्या सार्वजनिक बोलण्यातला बहुतेक वेळ आपल्यावर झालेल्या आरोपांना उत्तरं देण्यात जातो. तो जाणारच, आरोप थांबत नाहीत. पण शहराच्या पाण्याचा, विजेचा, हवेचा हिशेब मागणारा माणूस म्हणूनही आपली ओळख असू शकते.

सॅमन आपल्याकडे नाही. पण पूर्णेचं पाणी कुठे जातं ते पाहा. मोर्णा, काटेपूर्णा, मन या सगळ्या पूर्णेला मिळतात, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, पुढे हतनूर, मग गुजरातेत १९७२ चं उकाई आणि त्याखाली काकरापार. समुद्रातून नदीत चढणारा आपला मासा म्हणजे हिलसा. गंगेवर १९७५ मध्ये फरक्का बांध सुरू झाला आणि एकेकाळी अलाहाबादच्याही वर जाणारा हिलसा खालीच अडला. पश्चिमेच्या नद्यांची कहाणी वेगळी नाही.

महाराष्ट्रात वीज आणि मासा यांची गाठ पडली ती लोणावळ्याजवळ. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी तिथे तलाव झाले. खोपोलीचं वीजघर १९१५ चं. मुळशीच्या धरणाला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रहाने विरोध केला, धरणांविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी तो एक. पुढे सत्तरच्या दशकात याच कंपनीने वळवण तलावाजवळ महसीर माशाचं बीज तयार करायला सुरुवात केली. निळ्या परांचा हा महसीर कमी होत चालला होता. लाखो पिल्लं तयार झाली, देशभर सोडली गेली. काम चांगलं होतं, मनापासून केलेलं होतं. पण ती पिल्लं दूर कावेरीतही गेली. तिथे कावेरीचा स्वतःचा, कुबड असलेला महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. पाहुण्या माशांची संख्या वाढत गेली, मूळचा मासा दिसेनासा झाला आणि २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही आहेतच. तरी नदी दुरुस्त न करता नुसती पिल्लं सोडली तर काय होऊ शकतं ते इथे दिसतं. अमेरिकेतल्या सॅमनच्या उबवण केंद्रांविषयीही नेमका हाच वाद आहे.

आपल्या मोर्णेचंही असंच झालं. जानेवारी २०१८ मध्ये शहराने एकत्र येऊन जलकुंभी काढली, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये कौतुक केलं. हजारो हात लागले, त्यात आपलेही होते. पण सांडपाणी येत राहिलं की जलकुंभी परत येते. उपाय सांडपाण्याच्या नळात आहे. फावडं घेऊन फोटो काढण्यापेक्षा ते काम कंटाळवाणं आहे, एवढाच फरक.

वीज बचतीचं कामही असंच कंटाळवाणं, आणि म्हणूनच माझ्या आवडीचं. एक जुना छतपंखा साधारण ७५ वॅट खातो. नवा बीएलडीसी पंखा ३५ वॅटच्या आत भागवतो. वऱ्हाडात पंखा दिवसाला १५ तास चालतो असं धरा. घरात तीन पंखे असतील तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरच्या प्रत्येक युनिटाला दर दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळे ही ५४ युनिटं बिलातली सगळ्यात महाग युनिटं असतात. अडचण अशी की हा पंखा साध्या पंख्याच्या जवळपास दुप्पट किमतीला मिळतो, आणि ज्याचा पंखा सगळ्यात जुना त्याच्याकडेच एकरकमी पैसे नसतात. एलईडी बल्बचंही तसंच होतं. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. सरकारने एकगठ्ठा खरेदी सुरू केली आणि २०१६ पर्यंत तो ३८ रुपयांवर आला. पंख्याचं तसं का होऊ नये, बिलातून हप्त्याने पैसे वळते करून पंखा का मिळू नये, हा प्रश्न आयोगासमोरच विचारायचा असतो.

आणि बचतीची खरी प्रयोगशाळा अकोल्यात कुठे आहे सांगू? मोटार रिवायंडिंगच्या दुकानांत. तिथे बसणारे किती मिस्त्री आपल्या घरांतले आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. रब्बीत व्होल्टेज पडतं, हरभऱ्याला पाणी देता देता पंप जळतो, शेतकरी मोटार खांद्यावर घेऊन येतो आणि 'आजच्या आज पाहिजे' म्हणतो. जुनी तार लवकर निघावी म्हणून कोअर जास्त तापवली की तिच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं. तारेचा गेज चुकला, वेढे कमी पडले, की मोटार चालते पण जास्त वीज खाते. निकृष्ट रिवायंडिंग झालं की मोटारीची कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी उतरते असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एका मोटारीत ते कळत नाही, जिल्ह्यातल्या सगळ्या पंपांत ते एका फीडरएवढं होतं. राज्य सरकार २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत देतं. शेतकऱ्याला तो दिलासा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण फुकट विजेवर कोणी कार्यक्षमतेचा हिशेब करत नाही. सबसिडीचा थोडा भाग मिस्त्रींना चांगली तार, तापमान मोजायचं साधन आणि आठवडाभराचं प्रशिक्षण देण्यात गेला तर तिजोरीचंही भलं होईल. ज्याच्या हातात कारागिरी आहे त्याला धोरणात जागा द्या, ही मागणी आपण नाही केली तर कोण करणार?

सौर ऊर्जेबद्दल उत्साह आहे आणि असायला हवा. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. ऊन तर वऱ्हाडात कमी नाही. पण छत कोणाच्या नावावर आहे? जुन्या वस्तीत आजोबांच्या नावावरचं घर, चार चुलते, वारसनोंद झालेली नाही. किंवा गुंठेवारीतला प्लॉट. किंवा भाड्याची खोली. अनुदान मीटरमागे जातं आणि मीटर मयत माणसाच्या नावावर असतं. म्हणून आमचं म्हणणं असं की मोहल्ल्यात सौर पॅनलच्या आधी वारसनोंदीचं शिबिर घ्या. मशिदी, मदरसे, शाळा यांची छतं मोठी असतात आणि कागद बहुतेक ठिकाणी ट्रस्टकडे असतात. तिथे सुरुवात लवकर होईल. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी जपून वापरावं ही शिकवण ज्या घरात मिळते, त्या घराला दुपारी रिकाम्या हॉलमध्ये फिरणारे बारा पंखे खटकायला हवेत.

सौर म्हणजे सगळं शुद्ध, असंही नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. रात्री दोनला साप-डुकरांच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा, दिवसाच्या विजेची किंमत कळेल. पण या प्रकल्पांना लागणारी जमीन पुष्कळदा गायरानाची असते, आणि गायरानावर ज्यांची शेळ्या-मेंढ्यांची गुजराण आहे त्यांना ग्रामसभेत विचारलं गेलं की नाही हे पाहावं लागेल. पारसच्या कंत्राटी कामगारांचंही तेच. कोळसा जाणार असेल तर त्यांच्या घरी काय शिजणार याचं उत्तर आधी तयार हवं, नंतर नाही. आणि कोळसा आहे तोवर त्याचा धूर मोजला जायला हवा. २०१५ च्या नियमांत गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली होती. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

आता त्या आकड्याविषयी, कारण तो विषय टाळून चालणार नाही. वीजचोरी म्हटलं की बोट आपल्या वस्त्यांकडे वळतं. महावितरणने गळतीनुसार फीडरचे गट पाडले, ज्या गटाची गळती जास्त तिथे भारनियमन जास्त. यात चोरी करणाऱ्याबरोबर नियमाने बिल भरणारी विधवाही अंधारात बसते. सामूहिक शिक्षा म्हणतात ती हीच. याला उत्तर भावनेचं देऊ नका, आकड्यांचं द्या. फीडरनिहाय गळती, त्यातली तांत्रिक किती आणि चोरीची किती, नादुरुस्त मीटर किती, सरासरीने दिलेली बिलं किती, हे मागा. आणि आकडा टाकणाऱ्या आपल्याच माणसाला, त्याचं बिल शेजारची विधवा भरते आहे, हे तोंडावर सांगा.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, म्हणून मोजमापावर माझा जरा जास्तच विश्वास. 'प्रयास'ने घराघरांत छोटी यंत्रं बसवून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवण्याचा उपक्रम उभारला होता. वीज किती तास होती याचा वाद त्यामुळे पुराव्यावर आला. असं यंत्र आज हजार-दीड हजारांच्या सुट्या भागांत एखादा डिप्लोमाचा विद्यार्थी बनवू शकतो. बाळापूर, पातूर, अकोट आणि अकोल्याचं जुनं शहर, प्रत्येक ठिकाणी दहा घरं, एक उन्हाळा आणि एक रब्बी. एवढी नोंद हातात असलेल्या माणसाला सुनावणीत दोन मिनिटांत खाली बसवता येत नाही.

दराचा पुढचा प्रस्ताव जाहीर झाला की त्यावरच्या हरकतीचा नमुना आम्ही दोन्ही भाषांत याच पानावर देऊ. त्यात भाडेकरूंचे सबमीटर, पंख्यांची हप्त्याने विक्री, फीडरनिहाय गळती आणि पारसच्या पाण्याचा हिशेब हे चार मुद्दे असतील. पाचवा तुम्ही सुचवा. तोवर घरातलं मागच्या बारा महिन्यांचं बिल काढून ठेवा, मीटर कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि अमरावतीला येणार असाल तर कळवा, म्हणजे गाडी किती माणसांची करायची ते ठरवता येईल.